मराठवाड्यावर एकच प्रश्न, आणि तोही दुष्काळाचा

आज 1 मे. सोसायटीत सकाळी झेंडावंदन झालं, मग राज्यगीत झालं, आणि मग मुलांसाठी महाराष्ट्रावर क्विझ ठेवलं होतं. मी मुद्दाम पुढच्या रांगेत जाऊन बसले कारण मला हे असलं सगळं मनापासून आवडतं, लहानपणापासून आवडतं. कळसूबाईची उंची? 1646 मीटर, पोरं एका सुरात ओरडली. राज्यप्राणी शेकरू, राज्यपक्षी हरियाल, राज्यफूल तामण, धडाधड उत्तरं. मग गड, मग मुंबई, मग परत गड. विदर्भावर संत्री आणि वाघ. आणि मराठवाड्यावर अख्ख्या क्विझमध्ये एक प्रश्न, "महाराष्ट्रातला दुष्काळी प्रदेश कोणता?"

आणि हात कोणी वर केला माहितीये? आमच्याच मजल्यावरच्या चिमुरडीनं, जिचे आईवडील जालन्याचे आहेत. केवढ्या आनंदानं ओरडली "मराठवाडाऽऽ" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या आईकडे बघवेना मला.

तेव्हापासून डोकं फिरलंय. स्वयंपाक तसाच पडलाय, आधी हे लिहिते.

माझ्या यादीतल्या बऱ्याच जणांना हा किस्सा माहिती आहे, तरी परत सांगते. मी परभणीहून पुण्यात शिकायला आले तेव्हा एका आंतरमहाविद्यालयीन क्विझमध्ये शेवटच्या फेरीत प्रश्न आला होता, आजचा संपूर्ण महाराष्ट्र 15 ऑगस्ट 1947 ला स्वतंत्र झाला, चूक की बरोबर? मी बझर दाबला आणि छातीठोकपणे सांगितलं, चूक. क्विझमास्तर हसले. म्हणाले, "मॅडम, निदान हे तरी पाठ पाहिजे होतं." सगळा हॉल हसला. मार्क गेले ते गेले. पण मी चूक नव्हते हो! मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि भारतीय फौजा 13 सप्टेंबर 1948 ला आत शिरल्या, 17 सप्टेंबरला निजाम शरण आला, तेव्हा आम्ही सुटलो. तेरा महिन्यांनी. हे सांगायला मी तोंड उघडलं तोवर पुढचा प्रश्न विचारून झाला होता.

आमचे आजोबा तेव्हा शाळकरी पोर होते. गावात रझाकारांची धास्ती, म्हणून घरच्यांनी बायकापोरांना रातोरात हद्द ओलांडून वऱ्हाडात मावशीकडे धाडलं. आजोबा सांगायचे, तिकडं शाळेवर तिरंगा फडकत होता, अन आपल्या गावात तो नुसता घरात सापडला तरी माणूस उचलून नेत. एका रात्रीच्या बैलगाडीच्या अंतरावर दोन देश. हे सांगताना त्यांचा आवाज दरवेळी बसायचा. त्यांना कुणी विचारलं, बाबा देश कधी स्वतंत्र झाला, की ते म्हणायचे, "देश 15 ऑगस्टला सुटला बाळा, आपण नाही."

हे उत्तर त्या हॉलमध्ये चूक ठरलं. अजूनही ठरतं, फक्त आता कोणी तो प्रश्नच विचारत नाही.

हां, आता कोणी म्हणेल, इतर संस्थानांच्याही वेगळ्या तारखा आहेत, कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं ते 1 मार्च 1949 ला. बरोबर आहे, मान्य. मग तेही विचारा की! मला कुठं नको आहे?

माझं म्हणणं एवढंच आहे की राज्याचं सामान्यज्ञान म्हणून आपण पोरांपुढं जे ठेवतो त्यातून त्यांना कळतं की राज्य कुणाचं आहे आणि पाहुणं कोण आहे. ते पोरगं काही राजकारण वाचत नाही, मागासलेपणाचे अहवाल वाचत नाही. ते ही प्रश्नमंजुषा वाचतं. आणि त्यात त्याच्या जिल्ह्याचं नाव फक्त टँकरच्या प्रश्नात आलं तर ते काय समजणार?

दुष्काळ आहे. नाकारत नाहीये मी, 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आम्ही काय विसरलोय का ते. पण माण-खटाव, जत, आटपाडी इथंही पावसाचे तेच हाल आहेत की, मग साताऱ्या-सांगलीची ओळख कोणी दुष्काळ म्हणून करून देतं का? नाही देत, आणि देऊ पण नये.

आता राज्याची मानचिन्हंच घ्या. पापलेट राज्यमासा झाला 2023 ला, पांढरी चिप्पी राज्य कांदळवन वृक्ष झाली 2020 ला. मासा कमी होतोय, कांदळवनं तोडली जातायत, म्हणून केलं, चांगलंच केलं, कोळी बांधवांचं पोट आहे त्यावर. पण 36 पैकी 29 जिल्ह्यांना समुद्रच नाहीये हेही कुणाच्या मनात येत नाही. शेकरू मेळघाटात पण आहे, तरी फोटो कायम भीमाशंकरचा. आणि हरियाल! अहो हा पक्षी आमच्या गावच्या वडावर थव्यानं बसतो, वड-पिंपळ-उंबर पिकले की अख्खं झाड हलतं पण पक्षी दिसत नाहीत इतके ते पानांच्या रंगात मिसळून जातात. सकाळच्या उन्हात वाळक्या शेंड्यावर येऊन बसले की मग ते पिवळे पाय दिसतात. राज्यपक्षी परभणीत दिसतो हे त्या पोरांना सांगितलं असतं तर? एका वाक्याचं काम होतं.

राज्यगीताचं मात्र कबूल करते, त्यात रेवा आहे, वरदा आहे, म्हणजे आपली नर्मदा आणि वर्धा. आणि राजा बढे मूळचे नागपूरचेच. सकाळी ते गीत म्हणताना सगळे उभे होते आणि त्यातल्या किती जणांना वरदा म्हणजे कोणती नदी हे सांगता आलं असतं?

नद्यांवरून आठवलं. गोदावरीचा उगम कुठं? त्र्यंबकेश्वर, बरोबर, दोन मार्क. आणि पुढं? नाशिकनंतर नदी संपते का? पैठणला जायकवाडीचं धरण, मग गंगाखेड, मग नांदेड. आमच्याकडं तिला गोदावरी कमी आणि गंगा जास्त म्हणतात, दिवाळीतसुद्धा आजी म्हणायची, "गंगेला जाऊन आले." नांदेड जिल्ह्यातून ती तेलंगणात जाते आणि मग परत येते! पार गडचिरोलीच्या टोकाला, सिरोंच्याला, महाराष्ट्राची हद्द होऊन वाहते, तिथं तिला प्राणहिता मिळते, पुढं सोमनूरला इंद्रावती मिळते. राज्यातून गेलेली नदी राज्याच्या दुसऱ्या टोकाला परत भेटते यापेक्षा भारी प्रश्न कुठला असेल क्विझला? पण सिरोंचा नकाशावर दाखवता येणारी किती माणसं आहेत आपल्यात?

आणि इतिहास. इतिहासावर तर मी बोलायलाच नको कारण मग थांबणार नाही. सातवाहनांची राजधानी पैठण. यादवांची देवगिरी. अजिंठ्याचं 16 नंबरचं लेणं कोरवून घेतलं ते वराहदेवानं, वाकाटक राजा हरिषेणाच्या मंत्र्यानं, आणि ते वाकाटक वत्सगुल्मचे. वत्सगुल्म म्हणजे वाशीम!! ज्या वाशीमला लोक "ते नक्की कुठं आलं?" असं विचारतात तेच. जिजाऊ सिंदखेडराजाच्या. भोसल्यांचं मूळ घराणं वेरूळचं. ज्ञानेश्वर आपेगावचे, नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडच्या, रामदास जांबचे. लीळाचरित्र सिद्ध झालं अमरावतीतल्या रिद्धपूरला. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मी पण ठेवला, पण त्या दर्जाचा पाया जिथं घातला गेला ती गावं आपल्याला दुष्काळाच्या बातमीतच आठवतात. हे लिहिताना परत संताप होतोय.

क्विझ ज्या मुलानं तयार केलं होतं त्याला मी नंतर भेटले. भांडायला गेले होते खरंतर. विशीतला पोरगा, रात्री जागून प्रश्न काढले होते बिचाऱ्यानं, इंटरनेटवरून आणि स्पर्धा परीक्षेच्या गाईडमधून. म्हणाला, "ताई, मला जे मिळालं त्यातूनच घेतलं." त्याच्यावर काय रागवू. गाईडमध्येच नाहीये तर तो कुठून आणणार. मी त्याला आजोबांची गोष्ट सांगितली, ती बैलगाडीची, आणि तो खुर्च्या उचलायच्या सोडून उभाच राहिला ऐकत. "शाळेत एक परिच्छेद होता बहुतेक," एवढंच म्हणाला. माझ्या वेळी हॉल हसला होता, हा हसला नाही. तेवढ्यानं मला बरं वाटलं.

असो. त्यानं पुढच्या वर्षीचे प्रश्न माझ्याकडं सोपवलेत आणि मी ते घेतलेत. सुरुवात केलीये. मराठवाडा मुंबई राज्यात कधी आला, 1 नोव्हेंबर 1956. सातपुड्यातलं कोणतं शिखर 1325 मीटर उंच आहे आणि तिथं दिवाळीत अश्वत्थाम्याची यात्रा भरते, नंदुरबारचं अस्तंभा. 1 मे 1960 ला जिल्हे किती होते, 26. बेसॉल्ट खडकात उल्केच्या आघातानं झालेलं सरोवर कुठं, लोणार, जिल्हा बुलढाणा. गोदावरी महाराष्ट्राला परत कुठं भेटते. हे झाले माझे.

आता तुम्ही कमेंटमध्ये आपापल्या जिल्ह्याचा एकेक प्रश्न टाका, उत्तरासकट, आणि प्लीज गुगलवरचा नको, घरात ऐकलेला टाका, खरा-खोटा मी पुस्तकात तपासून घेईन. गडचिरोली, गोंदिया, हिंगोली, धुळेवाल्यांनी आधी. सोलापूरकरांनो, 1930 च्या मे महिन्यात तुमच्या शहरानं इंग्रजांचा अंमल झुगारला होता आणि चार जण फासावर गेले, तो प्रश्न मी घेतलाच आहे, दुसरा द्या.