घरी शिकणाऱ्या मुलांची दहावी-बारावी आणि नीट : खुलासा

‘शाळा सोडून घरी शिकणाऱ्या मुलाला दहावी-बारावी देता येत नाही आणि मुक्त विद्यालयाचे प्रमाणपत्र वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेला चालत नाही,’ असा मजकूर पालकांमध्ये फिरत आहे. हे दोन्ही दावे चुकीचे आहेत.

1989 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हे केंद्र सरकारचे मान्यताप्राप्त मंडळ असून, वयाची 14 वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला तेथे माध्यमिक परीक्षेसाठी प्रवेश घेता येतो. राज्य मंडळाकडेही खासगी विद्यार्थ्यांसाठी 17 नंबरचा फॉर्म आहेच. नीटबाबतचा गैरसमज 1997 च्या जुन्या नियमावरून पसरला. तो नियम दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केला.

मात्र ऑनलाइन शाळेच्या बाबतीत पालकांनी खरोखर सावध राहावे, असे मला कळकळीने वाटते, कारण अशा शाळेने स्वतःच्या नावाने दिलेले प्रमाणपत्र मंडळाचे ठरत नाही आणि अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी ते उपयोगी पडत नाही. शुल्क भरण्यापूर्वी मूल नेमक्या कोणत्या मंडळाची परीक्षा देणार, हे लेखी विचारून घ्यावे. विज्ञान घेणाऱ्याला प्रात्यक्षिकांसाठी केंद्रावर जावेच लागते, त्यामुळे आपल्या गावापासून ते केंद्र किती दूर आहे, याची चौकशी शाळेतून दाखला काढण्याआधी करावी.