रुक्मिणीने पारायण केलं नव्हतं, पत्र लिहिलं होतं

घरच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. वर मोरपीस, खाली जोडलेले हात, मधे पिवळ्या अक्षरांत सल्ला. थोडक्यात तो असा: संत एकनाथांनी लग्न न जमणाऱ्या मुलींसाठी ‘रुक्मिणी स्वयंवर’ हा सिद्ध ग्रंथ सन 1493 मध्ये लिहिला. काशीच्या पंडितांनी तो गंगेत टाकला, गंगामाईने कोरडा परत दिला, तेव्हापासून त्यात शक्ती आहे. लग्नाळू मुलीने एकटीने बसून 21 दिवस तो वाचला की आईवडिलांनी पाहिलेलं स्थळ जुळतंच. पाळीच्या दिवसांत पोथीला हात लागला तर फळ उलटं मिळतं. आणि एवढं करूनही जमलं नाही, तर मुलीच्या मनात खोट आहे असं समजावं. शेवटी नेहमीचं: 11 घरांत पाठवा.

असले मजकूर मी एरवी न वाचता पुसते. हा पुसून भागलं नाही, कारण माझ्या मामीने तो मनावर घेतला आणि मामेबहिणीला पाटावर बसवलं. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, स्वतःचं बरंवाईट कळणारी. आईचं मन मोडू नये म्हणून तिने पोथी वाचली. स्थळ काही जुळलं नाही. मग मामीने चारचौघांदेखत तिला विचारलं, “वाचताना लक्ष कुठे होतं तुझं?” तेव्हा ठरवलं, आता या मजकुराचा ओळीने समाचार घ्यायचा.

किरकोळ गोष्टी आधी उरकते. ‘सन 1493’ हे कुठून आलं ते लगेच कळतं. ग्रंथाच्या शेवटी नाथांनी स्वतःच तिथी दिली आहे: शके 1493, प्रजापती संवत्सर, चैत्रातली रामनवमी, स्थळ वाराणसी. शकात 78 मिळवले की 1571 येतात. लिहिणाऱ्याने शक आणि सन एकच समजून आकडा उचलला. नाथांचा जन्म साधारण 1533चा धरतात. म्हणजे या मजकुराप्रमाणे महाराजांनी पोथी जन्माआधी 40 वर्षं लिहिली. चमत्कारच हवा होता तर गंगेपर्यंत जायची गरज नव्हती.

गंगेची गोष्टही दुसऱ्याच ग्रंथाची. ही आख्यायिका सांगतात ती एकनाथी भागवताबद्दल. भागवताच्या एकादश स्कंधावरची ही टीका पैठणला सुरू झाली आणि शके 1495च्या कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे 1573 मध्ये, काशीत पूर्ण झाली. भागवत प्राकृतात आणलं म्हणून काशीतल्या पंडितांनी नाथांना जाब विचारला आणि पुढे त्याच ग्रंथाची मिरवणूक निघाली, असं परंपरा सांगते. गंगेचा भाग कोणी मानो न मानो. पण त्या गोष्टीत पंडितांचा राग कशावर होता ते तरी बघा. बायाबापड्यांना कळेल अशा भाषेत ग्रंथ आला, यावर. आणि आपण तीच गोष्ट पुढे करून पोथीभोवती नवी कुंपणं घालतो आहोत.

‘लग्न न जमणाऱ्या मुलींसाठी लिहिला’ हे तर ग्रंथ न उघडता लिहिलेलं वाक्य. रुक्मिणी स्वयंवराचे 18 प्रसंग आहेत, ओव्या सतराशेच्या थोड्या वर. आधार भागवताच्या दशम स्कंधातले 52 ते 54 हे अध्याय. भागवतात लग्नाचा सोहळा मोजक्या श्लोकांत आटोपतो. नाथांनी मात्र तिथे अख्खं मराठी लग्नघर उभं केलं आहे, सगळ्या मानपानासकट. आणि त्या थाटातून सांगितलं आहे ते जीवाचं आणि शिवाचं लग्न. पानोपानी वेदान्त आडवा येतो. जावई मिळवायच्या घाईत असलेल्या घराने एवढा वेदान्त कशासाठी सोसावा, हे मला खरंच कळत नाही. चतुःश्लोकी भागवत लिहिणारा, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करण्यासाठी 1584 पर्यंत खपलेला हा माणूस. त्याला आपण वधूवर सूचक मंडळाचा चालक करून टाकलं.

आता ज्या ओळीने माझं डोकं फिरलं ती. ‘आईवडिलांनी पाहिलेलं स्थळ जुळतंच.’

या पोथीत काय घडतं, हे मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊक आहे का? विदर्भात कुंडिनपूरचा राजा भीष्मक. त्याला पाच मुलगे आणि एक मुलगी. मुलीने कृष्णाचे गुण ऐकून त्यालाच मनाने वरलेलं. घरातल्या इतरांनाही कृष्ण पसंत होता. पण थोरला भाऊ रुक्मी कृष्णाचा द्वेष करणारा, त्याने मोडता घातला आणि चेदीच्या शिशुपालाशी सोयरीक पक्की केली. बाप मुलाच्या प्रेमापोटी गप्प बसला. हे ‘घरच्यांनी पाहिलेलं स्थळ’. राजघराण्यातलं, सैन्यासह वऱ्हाड घेऊन येणारं, गावभर तोरणं लागलेलं. आजच्या भाषेत सांगायचं तर नाकारायला काही कारणच नसलेलं.

रुक्मिणी काय करते? भागवताच्या दशम स्कंधाचा 52वा अध्याय काढा, 37 ते 43 हे सात श्लोक. ते तिचं पत्र आहे. विश्वासू ब्राह्मणाच्या हाती तिने ते थेट द्वारकेला धाडलं. घरात कोणाची परवानगी घेतलेली नाही. पत्रात ती लाजत नाही, आडून सुचवत नाही. मी तुम्हाला वरलं आहे, सिंहाचा वाटा कोल्ह्याने नेऊ नये, असं सरळ म्हणते. पुढे जे लिहिते ते वाचून कोणाही आधुनिक माणसाने टोपी काढावी. लग्न उद्यावर आलं असताना गुप्तपणे विदर्भात या, चेदी आणि मगधाची सैन्यं मोडा आणि राक्षसविधीने, म्हणजे वधूला बळाने हरून नेण्याच्या रीतीने, पराक्रम हेच शुल्क देऊन, मला घेऊन जा. अंतःपुरातल्या मुलीला तिच्या भाऊबंदांना न मारता न्यायचं कसं, अशी शंका येईल म्हणून तोडगाही तीच देते: आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची मोठी यात्रा निघते, वधू गावाबाहेर गिरिजेच्या देवळात जाते, तिथे या. वेळ, जागा, वाट, सगळं तिने आखून दिलं आहे. आणि हे झालं नाही तर व्रतांनी देह झिजवून प्राण सोडीन, मग शंभर जन्म लागले तरी चालतील, असा शेवट.

नाथ हीच रुक्मिणी मराठीत सांगतात. ठरलेलं लग्न मोडल्याची आपल्याकडे सर्वांत आवडीने ऐकली जाणारी ही कथा आहे, आणि ती पोथी मुलीच्या हातात देऊन आपण म्हणतो, वाच, म्हणजे आम्ही आणलेलं स्थळ तुला पटेल. कथेत हे वाक्य शोभेल असा एकच माणूस आहे. रुक्मी. त्याचं पुढे काय झालं तेही तिथेच लिहिलेलं आहे. बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल टाकणार नाही अशी शपथ घेऊन तो पाठलागावर गेला, हरला, बहिणीने पदर पसरला म्हणून जिवानिशी सुटला, पण कृष्णाने त्याचे केस आणि मिशा वेड्यावाकड्या भादरल्या. त्यावर बलरामाने कृष्णालाच सुनावलं, हा भाग मला फार आवडतो. रुक्मी गावी परतलाच नाही, भोजकट नावाचं नगर वसवून तिथेच राहिला.

बरं, यात अर्धं खरं काही आहे का? आहे, नाइलाजाने मान्य करते. लग्न जमावं म्हणून रुक्मिणी स्वयंवर वाचण्याची चाल जुनी आहे, मोबाइल आल्यावर निघालेली नाही. कित्येक घरांत आजीने वाचलं, आईने वाचलं. रुक्मिणीने अंबिकेपुढे हात जोडून नवऱ्यासाठी प्रार्थना केली, हेही भागवतातच आहे. अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला जाणारे आणि वर्धेकाठी कौंडिण्यपूरला जाणारे, दोघेही तो प्रसंग आपल्याच देवळातला म्हणून सांगतात. पण ती प्रार्थना नीट वाचा. ‘एखादा चांगला नवरा मिळू दे’ असं ती म्हणत नाही. भगवान कृष्ण माझा पती होवो, तुझी संमती असू दे, असं नाव घेऊन मागते. आणि हे मागते तेव्हा पत्र पोचून, ब्राह्मण परत येऊन, कृष्ण गावाबाहेर आल्याचा निरोपही तिला मिळालेला असतो. करायचं ते सगळं करून झाल्यावर ती देवीपुढे उभी राहिली.

कोणाला मनाच्या शांतीसाठी पोथी वाचायची असेल तर वाचावी. नाथांच्या ओव्या गोड आहेत, मोठ्याने म्हणायला आणखी गोड. माझा आक्षेप वाचण्याला नाही, हमीपत्राला आहे.

त्या हमीपत्राबद्दल नाथांना काय वाटलं असतं, त्याचा अंदाज करायची गरज नाही. त्यांचं एक भारूड आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे: ‘सत्वर पाव गे मला, भवानीआई, रोडगा वाहीन तुला.’ शाळेच्या गॅदरिंगमध्ये यावर हसलेले लोकच हा मजकूर पुढे ढकलताहेत. त्यातली बाई देवीला काय मागते? सासरा गावाला गेलाय, तिकडेच खपव. सासू जाच करते, तिला घेऊन जा. नणंदेचं पोर किरकिर करतं, त्याला खरूज होऊ दे. शेवटी नवराही नको, एकटीच राहू दे मला. या सगळ्याची किंमत काय, तर एक रोडगा, म्हणजे भाजलेला जाड रोट. आतला अर्थ विकारांतून सुटण्याचा आहे हे कीर्तनकार सांगतातच, पण वरची थट्टा देवाशी सौदा करणाऱ्या भक्तीची आहे, ती लपत नाही. ज्याने रोडग्याला हसून लोळवलं त्याच्याच नावावर 21 दिवसांचा रोडगा खपवायचा, याला धाडस लागतं.

पाळीच्या ओळीवर मी फार शाई खर्च करणार नाही. श्राद्धाचं अन्न गावाने विटाळाचं ठरवलेल्यांना आधी वाढणारे, वाळवंटात रडणारं अस्पृश्याचं पोर कडेवर घेणारे नाथ आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. घरी आल्यावर त्यांची पोथी त्यांच्याच भक्ताच्या मुलीच्या हाताने बाटते. ठीक.

आणि ‘मुलीनेच वाचावं’ का? मुलांचीही लग्नं रखडली आहेत, गावोगावी विचारा. त्यांना काय सांगतात, तर देवीच्या सप्तशतीबरोबर म्हणतात त्या अर्गलास्तोत्रातली ‘पत्नीं मनोरमां देहि’ ही ओळ म्हण. मुलाला एक ओळ, ती बसमध्ये लटकतानाही म्हणता येते. मुलीला पाट, सोवळं, 18 प्रसंग आणि वर नापास होण्याची सोय.

ही नापास होण्याची सोय म्हणजे या मजकुराचा खरा कावा. जमलं तर पोथीचं पुण्य, नाही जमलं तर मुलीची खोट. पोथी कधी हरतच नाही. लग्नं का रखडतात हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असतं. पत्रिका, पोटजात, पगाराचा आकडा, शहर, ‘लग्नानंतर नोकरी करणार का’ हा प्रश्न, कधी नुसता रंग. माझ्या मामेबहिणीची दोन स्थळं पत्रिकेवरून परत गेली, मंगळ आडवा आला म्हणून. ती पत्रिका तिने लिहिली नव्हती. तरी पाटावर तीच बसली आणि लक्ष कुठे होतं, हेही तिलाच विचारलं गेलं. भागवतात रुक्मिणीचं लग्न अडलं ते रुक्मीमुळे, हे तिथे कोणी तिच्या माथी मारत नाही. साडेचारशे वर्षांपूर्वी काशीत बसून लिहिणाऱ्या नाथांनीही मारलं नाही. ते 2000 नंतरच्या मोबाइलवाल्यांना सुचलं.

राहिली 11 घरं. मामी, तू हा लेख वाचणार आहेस हे मला माहीत आहे. पाठवायचंच असेल तर ते सात श्लोक मराठी अर्थासह पाठव, सगळे मिळून पाच मिनिटांत वाचून होतात. पहिलं घर रुक्मीचं निवड, म्हणजे मुलीचं स्थळ परस्पर पक्कं करणाऱ्या थोरल्या भावाचं. आपल्या नात्यात तो कोण, हे तुला मी सांगायला नको.