चार बोटं

वाद्यवृंदातलं सगळ्यात थोरलं पितळी फुंकवाद्य म्हणजे ट्यूबा. तो वाजवणाऱ्याला भेटणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, ‘फुंकायला दम लागत असेल ना हो?’ लागतो. पण दम फुकट मिळतो, त्याची तक्रार नाही. खरी पंचाईत बसण्याची आहे आणि ती आजवर एकानेही विचारलेली नाही.

ट्यूबा मांडीवर उभा घेतात. बेल, म्हणजे कर्ण्यासारखं रुंद तोंड, आकाशाकडे, खालचं जाडजूड वळण मांडीवर, आणि मध्येच कुठूनतरी निघून तोंडाशी येणारी एक नळी. ही नळी जागच्या जागी डाग देऊन पक्की केलेली असते. म्हणजे माउथपीस, ओठ लावायची वाटी, कुठे यायचं हे कारखान्यात ठरलेलं, आणि ओठ कुठे यायचे हे आमच्या आईवडिलांनी. या दोन निर्णयांत माझ्या वाट्याला चार बोटांची तफावत आली. ट्यूबा मांडीवर घेतला की माउथपीस थेट नाकावर येतं. मांड्या फाकवून खुर्चीच्या बैठकीवर टेकवला की ते हनुवटीखाली जातं. उंच माणसांचं दुखणं उलटं असतं. मांडीवर घेऊनही त्यांना तो कमी पडतो आणि ती बिचारी नळात पाणी आलंय का बघावं तशी वाकून वाजवतात.

1835 साली बर्लिनमध्ये व्हीप्रेख्ट आणि मोरिट्झ या दोघांनी बेस ट्यूबाचं पेटंट घेतलं. स्वर बदलणारे पाच व्हॉल्व्ह कसे बसवायचे याचा त्यांनी बारकाईने विचार केला. तो मांडीवर घेऊन बसणाऱ्याचं काय, हा विचार त्यांनी माझ्यावर सोडला असावा.

पहिला उपाय टॉवेल. जुना, जाड, चौपदरी घडी घालून बैठकीवर ठेवायचा आणि त्यावर ट्यूबा. पहिली दहा मिनिटं स्वर्ग. पण टॉवेल दबतो. हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता दबतो, आणि त्याच्याबरोबर आपणही खाली जात राहतो. तालमीला मी ताठ बसायचो आणि चाळीस मिनिटांनी शेजारचा ट्रॉम्बोनवाला विचारायचा, ‘काही पडलंय का तुमचं?’

मग ठरवलं, रीतसर स्टँड घ्यायचा. त्याआधी वाद्याचं वजन माहीत हवं. ट्यूबा वजनकाट्यावर एकटा उभा राहत नाही, म्हणून त्याला कडेवर घेऊन मी उभा राहिलो आणि बायकोला आकडा वाचायला सांगितला. काटा माझ्या पोटाआड नाही, ट्यूबाआड होता, हे इथे नमूद करतो. मग माझं वजन वजा करायचं होतं. मी सांगितलेलं वजन वजा केलं तर ट्यूबा सोळा किलोचा भरला. बायको म्हणाली, ‘आता खरं वजन वजा कर.’ तो दहा किलोचा निघाला.

पहिला स्टँड मी चित्र बघून मागवला. ‘ट्यूबा स्टँड’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आला, उघडला, उभा केला. दणकट तीन पाय, ट्यूबाला खालून आणि मागून धरणारे गादी लावलेले हात. ट्यूबा त्यात असा विसावला की हलेना. फक्त त्यातला ट्यूबा वाजवायला मला खुर्ची सोडून जमिनीवर मांडी घालावी लागली असती. मग कळलं की वाजवण्याचा स्टँड वेगळा आणि ठेवण्याचा वेगळा. हा दुसरा, वाजवत नसताना वाद्य ठेवण्याचा. घरात मात्र त्याचं फार कौतुक झालं. ‘हाच उत्तम आहे,’ बायको म्हणाली, ‘आणखी शोधू नकोस.’

वाजवण्याच्या स्टँडमध्येही पंथ आहेत, आणि प्रत्येक पंथाचे लोक दुसऱ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. एक दांडीवाले. यांचा स्टँड म्हणजे वाद्यालाच खालून आवळलेली दांडी, चेलोला, म्हणजे बसून वाजवायच्या थोरल्या व्हायोलिनला, असते तशी. दिसते सुटसुटीत. पण ट्यूबा वाजवणाऱ्याला अधूनमधून एक घरगुती काम करावं लागतं: पाणी काढणं. श्वासातल्या वाफेचं थंड नळ्यांत पाणी होऊन साचतं, ते पाणी सोडायच्या लहान चावीने सगळं निघत नाही, आणि मग अख्खं वाद्य गोल फिरवून पाणी वळणावळणाने बाहेर आणावं लागतं. मित्राची दांडी लावून मी हे केलं. बेल खाली गेली, दांडी वर आली, आणि ट्रॉम्बोनवाल्याचे कागद त्यांच्या स्टँडसकट मागच्या रांगेत गेले. त्यांनी या वेळी काही पडलंय का असं विचारलं नाही.

दुसरे फळीवाले. सपाट फळी मांडीखाली सरकवायची, आपल्याच वजनाने ती दाबून धरायची, आणि तिच्यापुढच्या आधारावर ट्यूबा टेकवायचा. कल्पना झकास. अट एवढीच की उठायचं नाही. टाळ्या पडल्या आणि वाद्यवृंदाच्या संचालकांनी सगळ्यांना उभं राहायची खूण केली की फळी सुटते आणि दहा किलो पितळ आपल्या मानसन्मानाची वाट न बघता खाली निघतं.

(खांदेकऱ्यांना मी यात धरत नाही. अमेरिकन बँडमास्तर सूसाच्या सांगण्यावरून 1893 साली सूसाफोन निघाला, तो अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर घ्यायचा. पण चालताना वाजवायची सोय ती, बसलेल्याने अजगर गळ्यात घालून काय मिळवायचं?)

शेवटी मी तिसरा पंथ पत्करला: जमिनीवर उभी राहणारी बुटकी तिपाई. दोन पायांच्या मध्ये ठेवायची, वरच्या अर्धगोल खोबणीत ट्यूबाचं खालचं वळण बसतं, नळीत नळी सरकवून उंची कमीजास्त करता येते आणि एक कानाचा स्क्रू पिळून ती पक्की होते. मांड्या मोकळ्या, पोट मोकळं. श्वास असा खोल गेला की इतकी वर्षं मी अर्ध्याच फुप्फुसावर भागवत होतो हे उमगलं.

आणि मग ती झणझण सुरू झाली. सगळ्या स्वरांवर नाही. खालच्या बी फ्लॅटला, सेकंदाला 58 कंपनं, तेवढ्याच स्वराला तिपाई मधमाशीसारखी गुणगुणे. प्रत्येक वस्तूला अंगचा एक स्वर असतो, तो लागला की ती ओळखीचं माणूस दिसल्यागत हलते. मी एका हाताने तिपाईचा एकेक भाग चाचपत तो एकच स्वर आठवडाभर फुंकला. दोष एका पायाच्या निसटलेल्या रबरी बुटात होता. बूट बसवला तर कपाटाची काच वाजायला लागली. ती म्हणे आधीपासूनच वाजत होती, तिपाईपुढे ऐकू येत नव्हती एवढंच.

दुसरं दुखणं, कानाचा स्क्रू रात्रीतून ढिला पडायचा आणि तिपाई टॉवेलसारखी खचायची. तेव्हा मी पकड घेतली आणि तो स्क्रू असा आवळला की पुन्हा म्हणून हलायचं नाव काढू नये. उंची ओठांबरोबर जुळली होती. चार बोटांचा प्रश्न कायमचा मिटला होता.

कार्यक्रमाला चेक संगीतकार द्वोर्झाकची नववी सिंफनी होती. पूर्ण सिंफनीत ट्यूबाला स्वर आहेत चौदा. चौदा, तेही सगळे दुसऱ्या भागात. त्यासाठी मी ट्यूबा, त्याची पेटी आणि तिपाई घेऊन मंचावर पोचलो, बसलो, आणि माउथपीस हनुवटीखाली आलं.

तिपाईची उंची जमिनीपासून मोजलेली. माझी खुर्चीपासून. घरच्या खुर्चीशी जुळवलेला हिशेब आणि मंचावरची खुर्ची यांत बरोबर चार बोटांचा फरक होता. स्क्रूला हात घातला. तो हलेना. पकड घरी.

पहिला भाग सुरू झाला. त्यात मला काम नव्हतं, म्हणून मी खुर्चीवरून घसरून गुडघ्यांवर आलो आणि दातओठ खाऊन स्क्रू पिळला. ट्रॉम्बोनवाल्यांनी पानं उलटता उलटता एकदा माझ्याकडे बघितलं. अंगठ्याची सालटं निघाली, स्क्रू नाही. शेवटी पेटी उघडली. ट्यूबाला ओरखडे पडू नयेत म्हणून तळाशी अंथरलेला तो जुना, जाड टॉवेल काढला, चौपदरी घडी घालून तिपाईच्या खोबणीत कोंबला आणि वर ट्यूबा ठेवला. माउथपीस ओठांवर आलं.

दुसरा भाग सुरू झाला. टॉवेलला खचायला चाळीस मिनिटं लागतात. चौदा स्वरांत तो काय खचणार!