खुलासा : डिझरायली खचले नव्हते

ब्रिटनचे पुढे पंतप्रधान झालेले बेंजामिन डिझरायली संसदेतल्या पहिल्याच भाषणात अपयशी ठरले आणि वर्षभर गप्प बसले, असा प्रेरणादायी मजकूर फिरतो आहे. यातलं अर्धंच खरं.

७ डिसेंबर १८३७ला हशा-आरडाओरड्यात त्यांचं भाषण बुडालं, हे खरंच. पण दुसऱ्याच दिवशी ब्रॅडनम या गावी घरी असलेल्या बहिणीला, सारा हिला, लिहिलेल्या पत्रात ते सरळ सांगतात : पदार्पण फसलं, पण माझी तारांबळ उडाली नाही, विरोधकांच्या गोंगाटानं बोलूच दिलं नाही. (फुशारकी आहेच थोडी!) शील या आयरिश खासदारानं सल्ला दिला : एका अधिवेशनापुरती बुद्धीची चमक आवर, मुद्दाम कंटाळवाणं बोल. त्याच महिन्यात ते कॉपीराइटवर बोललेही. वर्षभराचं मौन कुठून आलं, फॉरवर्ड करणारेच जाणोत.