तांब्याच्या भावात शिवराई

मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेतं उकरत होते. संभाजी महाराजांवरच्या चित्रपटात बुऱ्हाणपूर पाहिलं आणि मोगलांची सोन्याची नाणी शोधायला निघाले. तो व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर आला. खाली चुलतभावाची फर्माईश: "दादा, येताना तुझं मशीन आण ना. तिकडे काय, सापडेल त्याचं."

नसतं रे बाबा.

सहा वर्षं मी रविवारी इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या नांगरलेल्या रानांतून कानाला हेडफोन लावून फिरतोय. आधी जमीनमालकाची परवानगी काढायची. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय मशीन चालवलं तर गुन्हा. आणि दिवसभरात निघतं काय, तर डब्यांची झाकणं, काडतुसांची पितळी बुडं, शिशाचे तुकडे. बायको म्हणते, भंगार वेचायला सातासमुद्रापार आलास. गेल्या नोव्हेंबरात मात्र एका ढेकळातून नखाएवढी चांदीची चकती निघाली, तीही अर्धी. तिसऱ्या हेन्रीच्या काळातली, तेराव्या शतकातली पेनी. सुटे नसले की लोक मागच्या क्रॉसच्या रेघेवर नाणंच कातरायचे. कातरीची धार अजून बोटाला लागते.

ती घेऊन मी आमच्या भागाच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरकडे, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेलो. बाईंनी वजन केलं, फोटो काढला, रानातली नेमकी जागा लिहून घेतली आणि नाणं परत दिलं. १९९७ पासून ही नोंदणी चालू आहे, पंधरा लाखांवर नोंदी झाल्यात. एकटं नाणं सहसा कायद्याने 'ट्रेझर', म्हणजे घबाड, ठरत नाही. पण तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन नाणी एकत्र निघाली, तर चौदा दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा घबाडांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचं. संग्रहालयाला हवी असतील तर बाजारभावाने पैसे मिळतात, सहसा निम्मे शोधणाऱ्याला, निम्मे जमीनमालकाला. २००९ च्या स्टॅफर्डशायर घबाडाचे ३२ लाख ८५ हजार पौंड असेच वाटले गेले. इथले सगळे साधू आहेत असं नाही. व्हायकिंग काळातला साठा दडवल्याबद्दल २०१९ मध्ये दोघं तुरुंगात गेले.

आपल्याकडे कायदा नाही असं थोडंच आहे? १८७८ चा आहे! दहा रुपयांवरचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवा, नाहीतर वर्षभरापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सरकारने ते घेतलं तर मोबदला किती? त्यातल्या धातूची किंमत, वर एक पंचमांश. म्हणजे 'श्री राजा शिव' लिहिलेल्या शिवकालीन शिवराई नाण्याला तांब्याचा भाव. सोनार याहून बरा, निदान चहा पाजतो.

काकांना जुन्नरकडच्या शेतात दोन शिवराया सापडल्या. नोंद व्हावी म्हणून ते एका कचेरीत तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला साहेबांनी विचारलं, "बाकीची कुठे पुरलीत?" तेव्हापासून काका कुणाला दाखवत नाहीत.

ग्रुपवर दोनच पक्ष आहेत: मशीनवर सरसकट बंदी घाला, किंवा इंग्लंडसारखं मोकळं सोडा. गडांवर मशीन नको, यात मी पहिल्या पक्षाचा. इथल्या रानात नांगराने मातीचे थर आधीच उलटेपालटे केलेले असतात. गडावर तो थर म्हणजेच पुरावा, तो एकदा उकरला की गेला. पण बंदीने काकांचं काय होणार? नगर जिल्ह्यातल्या दायमाबादची ब्राँझची प्राचीन शिल्पं, तो बैलांचा रथ, १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला मूळ खणताना सापडली. मशीनशिवाय. आपल्या जमिनीतून वस्तू नांगराने, कुदळीने आणि जेसीबीने निघतच राहणार. त्या विश्वासाने दाखवायला तालुक्याला एक माणूस हवा, चोर न समजणारा, आणि धातूचा नव्हे तर नाण्याचा भाव देणारा कायदा हवा. मशीनचा वाद त्यानंतर घाला.

गेल्या दिवाळीला व्हिडिओ कॉलवर काकांनी शिवराया दाखवल्या. देवघरात, हळदकुंकू वाहिलेल्या, चिंचेने घासून लखलखीत. पूर्वी एकीवर 'छत्रपति' स्पष्ट वाचता यायचं, आता 'छ' तेवढा उरलाय.