यमुनाबाई आपल्या गावच्या होत्या

आज वाईवरचं एक रील पाहिलं आणि डोकंच फिरलं. ढोल्या गणपती आहे, कृष्णेचा घाट आहे, मेणवलीचा वाडा आहे, कुठल्या हिरोने कुठे मारामारी केली तेही आहे. लावणीसम्राज्ञी यमुनाबाई वाईकर मात्र कुठेच नाहीत. अहो, जी बाई जन्मभर गावाचं नाव लावून गायली, तिचा फोटोसुद्धा नाही! आणि आज तारीख कोणती? १५ मे. २०१८ साली ह्याच दिवशी त्या गेल्या, वयाच्या १०२ व्या वर्षी.

कहर म्हणजे रीलला मागे वाजतंय काय? लावणी. डीजेवर कुटलेली.

शाळेत असताना बाबा मला त्यांच्या बैठकीला घेऊन गेले होते. पोरीला लावणीला नेली म्हणून आजी कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलेना. मला तर वाटलं होतं शिट्ट्या होणार, फेटे उडणार. बघते तर नऊवारीतली, डोक्यावरून पदर घेतलेली एक वयस्क बाई बसलेली. शेजारी पेटी, तबला. बाई शेवटपर्यंत उठल्याच नाहीत. एक ओळ धरली आणि तीच परत परत घेतली. आधी रुसून, मग लाडीगोडीने, मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत अशी काही, की पुढ्यात सुपारी कातरत बसलेल्या काकांचा अडकित्ता तसाच उघडा राहिला. शब्द तेच हो! नुसती भुवई हलली की अर्थ बदलायचा.

ह्याला अदा म्हणतात. कंबर हलवणं सोपं आहे.

आई गीताबाईंकडून शिकलेली ही कोल्हाट्याची पोर. बालेघाटी, छक्कड, लावणीचे सगळे प्रकार गळ्यात. दिल्लीत बिरजू महाराजांच्या कथकासोबत हिची लावणी झाली. मान मिळाला नाही असं नाही, तेवढं कबूल करते. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २०१२ला पद्मश्री. पण पद्मश्री कधी, तर नव्वदी उलटून गेल्यावर! तोवर काय चाललं होतं सरकारचं?

आणि सरकारला तरी काय बोलायचं? पद्मश्रीची बातमी टीव्हीवर लागली तेव्हा तीच आमची आजी पाहुण्यांना सांगत होती, "आमच्या वाईच्या हो त्या!" बाबा नुसते तिच्याकडे बघत राहिले. आपण सगळे असेच. गाणं हवं, गाणारीचं घर कुठल्या आळीत ते विचारायचं नाही. तिच्या दारावरून जाताना मान खाली, आणि सत्काराला मात्र पहिल्या रांगेत.

डीजेवाल्या पोरांचंही पोट आहे, मान्य. त्या रीलवाल्या मुलाचा तरी काय दोष म्हणा. वीस-बावीसचा असेल. त्याला कुणी नेलंच नाही ना बैठकीला. अडकित्ता उघडा राहतो म्हणजे काय, ते त्याला कुठून कळणार? मला बाबा होते.

असो. वाई-साताऱ्याकडच्या मंडळींनो, कुणाकडे त्यांच्या बैठकीची जुनी कॅसेट असेल तर मेसेज करा. फीत गुंतलेली असली तरी चालेल, मी सोडवून घेते. आणि कॉमेंटमध्ये कुणी "वाजले की बारा" लिहिलंत तर सरळ ब्लॉक करणार आहे.