‘खचले’ हाच शब्द, ‘हिरमुसले’ नव्हे

महोदय,

‘निसर्ग’ वादळावरच्या माझ्या लेखात नारळ-सुपारीच्या बागा असलेल्यांबद्दल ‘श्रीवर्धनचे वाडीवाले खचले’ असं वाक्य आहे. त्यावर आपण लिहिलंत, ‘खचते ती जमीन, माणूस हिरमुसतो. कोकणातल्या लेखकांनी लिहिण्याआधी कोश उघडावा.’ शब्दाबद्दल मतभेद असेल, तर तेवढंच बोला. ‘कोकणातल्या लेखकांनी’ कशासाठी? एका क्रियापदावरून अख्ख्या किनाऱ्याचे कान उपटायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे शब्दकोश आमच्या घरात आजोबांपासून आहेत, आणि ते शोभेला ठेवलेले नाहीत.

‘हिरमुसणे’ हा गोड शब्द आहे, आणि त्याच लेखात शाळकरी मुलांबद्दल जिथे लिहिलंय तिथे तो चालला असता, हे मान्य. शिमग्यात पालखी दारी यायची राहिली की पोर हिरमुसतं. चेहरा एवढासा होतो, जवळ घेतलं की तासाभरात खुलतो.

आता ३ जून २०२० नंतरची आमच्या काकांची वाडी बघा. पोफळी कमरेत मोडून एकमेकींवर आडव्या, नारळ मुळासकट उपटलेले. पोफळ नव्याने लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. काका सत्तरी ओलांडलेले. हा हिशोब त्यांना कुणी समजावून सांगावा लागला नाही. रडले नाहीत, कुणाला बोलले नाहीत. जेवत होते, आल्यागेल्याला चहा विचारत होते. फक्त मागच्या दारी जाणं त्यांनी सोडलं. पंचनाम्याला माणसं आली तेव्हाही ओटीवरूनच हात करून वाट दाखवली. या माणसाला मी ‘हिरमुसलेले’ म्हणू? खाऊ देऊ का त्यांना?

पावसात गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, खचतो तेव्हा आधी आतली माती वाहून जाते, वरचे दगड कितीतरी दिवस जागच्या जागी दिसतात. काकांचं तेच झालं होतं. आणि ‘धीर खचला’, ‘मन खचलं’ हे तर तुमच्या घाटावरही बोलतात, त्यासाठी कोकणात जन्मावं लागत नाही. जमिनीचा शब्द माणसाला चालत नाही हा नियम तुम्ही कुठून काढलात?

लेखाची लांबी, परिच्छेदांचा क्रम, नुकसानभरपाईबद्दलचं माझं मत, यावर तुम्ही बरंच लिहिलंय. त्यात मला रस नाही. वाक्य बदलणार नाही. पुढच्या वेळी लेखावर बोला, गावावर नको.